पदवी झाली, आता कर्जाचे काय?

जून-जुलैत निकाल लागले की आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांची ये-जा वाढते. कोणी पेढे घेऊन येतो, कोणी दाखल्याच्या झेरॉक्सवर सही-शिक्का घ्यायला येतो. अलीकडे मात्र आणखी एका कामासाठी मुले येऊ लागली आहेत. खिशातून घडी घातलेला कागद काढतात आणि म्हणतात, ‘‘सर, हे जरा वाचून सांगा ना, बँकेचं पत्र आहे.’’ सोबत वडील असले तर ते फारसे बोलत नाहीत. पत्राचा मजकूर बहुधा एकच असतो : आपल्या शैक्षणिक कर्जाची सवलतीची मुदत संपत आहे, अमुक महिन्यापासून हप्ता सुरू होईल.

आम्ही बँकेची माणसे नव्हे. वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो. पण कागद नीट वाचणे आणि वाचलेले समजावून सांगणे हे तर आमचेच काम. असे बरेच कागद वाचून झाल्यावर जे ध्यानात आले ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवतो आहोत. ज्यांच्या घरात शिक्षणासाठी कर्ज घेतलेला मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी हा लेख मुलांसोबत बसून वाचावा.

आमच्या पिढीतले बहुतेक जण वडिलांच्या कमाईवर, जमातीच्या वजिफ्यावर आणि सरकारी फीमाफीवर शिकले. आज बी.फार्म., नर्सिंग, इंजिनिअरिंग, बीयूएमएस अशा अभ्यासक्रमांची फी, होस्टेल आणि मेस यांचा खर्च गॅरेज किंवा किराणा दुकान चालवणाऱ्या घराला एकट्याने पेलत नाही. म्हणून कर्ज घेतले जाते. कर्ज घेताना घरात महिनाभर त्याचीच चर्चा असते. मंजूर झाले की चार वर्षे कोणी त्याचे नाव काढत नाही. मुलाला वाटते अब्बू बघतील. अब्बूंना वाटते मुलगा कमवायला लागला की फेडेल. अडचण नेमकी इथेच सुरू होते.

सही कोणाकोणाची आहे?

शैक्षणिक कर्जात मुख्य कर्जदार विद्यार्थी असतो. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. सहकर्जदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. मुलाने हप्ता भरला नाही तर बँक सहकर्जदाराकडून तो मागू शकते, आणि कर्जाची नोंद दोघांच्याही नावावर असते. ‘‘मी फक्त सही केली होती’’ हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. त्या सहीचा अर्थ ‘हे कर्ज माझेही आहे’ असाच होतो.

याचा फटका कुठे बसतो ते सांगतो. कर्जाची परतफेड कशी चालू आहे याची माहिती बँका पतमाहिती कंपन्यांना कळवतात. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत. त्यांपैकी सिबिलचे नाव सर्वांना ठाऊक आहे. या नोंदींवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक अंक ठरतो. थोरल्या मुलाचे हप्ते थकले की त्याच्या अंकासोबत वडिलांचाही अंक खाली येतो. मग दोन वर्षांनी धाकटी बारावी होते, तिचा नर्सिंगला नंबर लागतो, आणि वडील सहकर्जदार म्हणून बँकेत जातात तेव्हा तिथे नकार मिळतो. एका भावाच्या थकलेल्या हप्त्यामुळे बहिणीची तालीम अडलेली आम्ही पाहिली आहे. म्हणून हा विषय फक्त पैशांचा नाही, घरातल्या पुढच्या लेकराचा आहे.

चार वर्षांत व्याज थांबलेले नसते

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. या मुदतीला बँकेत मोरेटोरियम म्हणतात. पुष्कळ पालकांची समजूत अशी की या काळात व्याजही थांबलेले असते. तसे नाही. व्याज चालूच असते. दिलासा एवढाच की या काळात ते सहसा सरळव्याजाने मोजतात, आणि हप्ते सुरू होताना साचलेले सगळे व्याज मुद्दलात मिळवतात.

एक हिशेब करून पाहू. समजा चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ४ लाखांचे कर्ज आहे. दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख बँक कॉलेजला देते. दर सोयीसाठी १० टक्के धरू. तुमच्या कर्जाचा दर कमी-जास्त असेल. चार वर्षे शिक्षणाची आणि एक वर्ष त्यानंतरचे. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार, चौथ्यावर २० हजार. एकूण व्याज १ लाख ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज ४ लाख नसून ५ लाख ४० हजार झालेले असते.

आता हप्ते पाहा. हे ५ लाख ४० हजार दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७,१३६ रुपये लागतात, आणि एकूण साधारण ८ लाख ५६ हजार जातात. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता सुमारे ५,८०३ रुपयांवर येतो, पण एकूण साधारण १० लाख ४४ हजार भरावे लागतात. सात वर्षांत फेडले तर हप्ता ८,९६५ च्या आसपास, आणि एकूण साधारण ७ लाख ५३ हजार. पंधरा आणि सात वर्षांत जवळपास २ लाख ९० हजारांचा फरक आहे. मूळ कर्ज ४ लाखांचे होते हे विसरू नका.

याच हिशेबात दुसरीही एक वाट आहे. शिक्षण चालू असतानाच दर महिन्याचे व्याज भरत राहिले तर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ८३३ रुपये, चौथ्या वर्षी ३,३३३ रुपये पडतात, आणि शेवटी कर्ज ४ लाखच राहते. मग दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५,२८६ होतो. असे व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्याला अनेक बँका दरात थोडी सूटही देतात. ज्यांची मुले अजून शिकत आहेत त्यांनी बँकेत हे जरूर विचारावे. सगळे जमत नसेल तर निदान शेवटच्या वर्षाचे भरावे. पेपर संपल्यावर नोकरी शोधण्याच्या काळात मुलाने ट्यूशन घेऊन, मेडिकलवर उभे राहून एवढी रक्कम काढली तरी पुढचा भार हलका होतो.

बँकेत जाऊन काय विचारायचे?

निकाल लागल्यावर पहिल्याच महिन्यात मुलाने आणि सहकर्जदाराने मिळून शाखेत जावे. नोटिशीची वाट पाहू नये. मंजुरीपत्राची प्रत घरात नसेल तर मागून घ्यावी. मग हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत :

१) आजपर्यंत मुद्दल किती आणि व्याज किती झाले? कर्जखात्याचा पूर्ण उतारा द्या.
२) पहिला हप्ता नेमक्या कोणत्या तारखेला आहे?
३) व्याजदर स्थिर आहे की बदलता? आज किती आहे?
४) परतफेडीची मुदत किती वर्षांची ठेवली आहे? ती बदलता येईल का?
५) व्याजाचे सरकारी अनुदान मिळाले असेल तर ते खात्यात कोणत्या तारखांना जमा झाले?
६) कर्जासोबत विमा काढला आहे का? त्याचा हप्ता कर्जातच धरला आहे का?

पाचव्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तंत्रशिक्षण आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावर, सवलतीच्या मुदतीतले व्याज केंद्र सरकार भरते, अशी योजना २००९-१० पासून आहे. तिला संस्थेच्या आणि अभ्यासक्रमाच्या अटी आहेत, आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यावा लागतो. मागणी बँकेने करायची असते. दाखला दिला होता पण अनुदान खात्यावर आलेच नाही, असेही घडते. उतारा पाहिल्याशिवाय ते कळत नाही. तुमचा हक्क बसत असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ज्यांची धाकटी भावंडे आता प्रवेश घेत आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक चांगल्या संस्थांत प्रवेश मिळालेल्या आणि घरचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या मुदतीत ३ टक्के व्याजाची मदत आहे. दुसरे, आपल्या राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ ३ टक्के दराने शैक्षणिक कर्ज देते. त्यालाही जामीनदार लागतो आणि तेही वेळेवरच फेडायचे असते. परदेशी शिक्षणाच्या व्याजासाठी असलेली ‘पढो परदेश’ योजना मात्र केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली आहे. तिच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

नोकरी लागली नाही तर?

हा सर्वांत अवघड भाग. वर्ष संपले, हप्ता सुरू झाला, आणि मुलगा अजून घरीच आहे किंवा १२-१५ हजारांवर काम करतो आहे. अशा वेळी आमची मुले एक गोष्ट हमखास करतात : बँकेचा फोन उचलणे बंद करतात. काही जण सिमच बदलतात. त्याने कर्ज कुठे जात नाही. फक्त बँकेची भाषा बदलते.

हप्ता ठरलेल्या तारखेला गेला नाही की थकबाकीचे दिवस मोजले जाऊ लागतात. तीस दिवस, साठ दिवस, आणि नव्वद दिवस उलटले की कर्जखाते अनुत्पादक ठरते. बँकेत त्याला एनपीए म्हणतात. इथवर पोहोचल्यावर वाटाघाटीचा मार्ग अरुंद होतो. म्हणून जे बोलायचे ते पहिल्या हप्त्याच्या आधी बोलावे, निदान पहिला हप्ता चुकल्या आठवड्यात तरी.

काय मागता येते? बँकांच्या संघटनेने शैक्षणिक कर्जासाठी जी आदर्श योजना केली आहे तिच्यात परतफेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत ठेवण्याची सोय आहे. नोकरी नसल्याच्या काळात हप्त्यांना काही काळ थांबा देण्याची आणि सुरुवातीला लहान हप्ते ठेवून पुढे वाढवत नेण्याचीही तरतूद आहे. हे आपोआप मिळत नाही. लेखी अर्ज करावा लागतो आणि निर्णय बँकेचा असतो. अर्जात कारण स्पष्ट लिहा, आत्ता महिन्याला किती भरू शकतो तो आकडा लिहा आणि तेवढी रक्कम भरायला सुरुवातही करा. दरमहा दोन हजार भरणाऱ्याशी बँक ज्या सुरात बोलते त्या सुरात फोन न उचलणाऱ्याशी बोलत नाही. पुढचे शिक्षण घेणार असाल तरीही बँकेला आधी कळवा; तेवढ्या काळासाठी मुदत वाढवून मिळू शकते. थांबा मिळाला तरी व्याज चालू राहते, हेही लक्षात असू द्या.

वसुलीसाठी माणसे येऊ लागली, अपशब्द वापरू लागली तर घाबरून जाऊ नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, धमकी देऊ नये, नातेवाइकांत बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. उशिराच्या दंडाबाबतही २०२३ मध्ये नियम झाला की दंड वेगळा लावावा, तो व्याजदरात मिळवू नये आणि त्यावर पुन्हा व्याज आकारू नये. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनाशुल्क करता येते. त्याविषयी माहिती देणारा फोन क्रमांक १४४४८ आहे.

पहिला पगार आणि गोड बोलणारे फोन

पगाराचे खाते उघडले की महिना-दोन महिन्यांत फोन सुरू होतात. क्रेडिट कार्ड घ्या, पगाराच्या दुप्पट-तिप्पट ओव्हरड्राफ्ट घ्या, मोबाइल आज घ्या आणि पैसे नंतर द्या. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात नसलेले पैसे बँकेच्या परवानगीने काढणे. जितके वापरले त्यावर रोजच्या हिशेबाने व्याज लागते. खात्यातला शिल्लक आकडा पाहून मुलाला ते आपलेच पैसे वाटू लागतात.

हा सापळा फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांच्या बँक खात्यालाच बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट जोडलेला असतो. पदवी झाली की दोन-तीन वर्षांत ही बिनव्याजी मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी करतात, आणि ती संपल्यावर उरलेल्या रकमेवर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास दर लागतो. तिथेही जी मुले पदवीनंतर लगेच दर महिन्याला थोडे थोडे कमी करत जातात तीच सुटतात. सवलतीचा काळ खर्चासाठी नसून फेडीच्या तयारीसाठी आहे, हा धडा लंडनलाही तोच आणि लातूरलाही तोच.

आपल्याकडच्या क्रेडिट कार्डावर राहिलेल्या बाकीला पुष्कळदा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक पडतात. बिलावर ‘किमान देय’ म्हणून लहान रक्कम छापलेली असते. तेवढीच भरली तर दंड टळतो, पण बाकीवर व्याज चालूच राहते. शिक्षणाचे कर्ज दहा टक्क्यांचे आणि त्याच्या हप्त्यासाठी कार्डाचे पैसे चाळीस टक्क्यांचे, असा उद्योग कोणीही करू नये. आणि मोबाइलवरून पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲपला तर हातच लावू नये.

पगाराची वाटणी कशी करावी? आम्ही मुलांना एवढेच सांगतो की पगार ज्या तारखेला येतो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हप्ता आपोआप जाईल अशी सूचना बँकेला द्या. त्यानंतर उरेल तो आपला पगार समजा. सुरुवातीचा पगार १८ हजार असेल आणि हप्ता ७ हजारांचा, तर घरभाडे, जेवण, प्रवास यात ओढाताण होणार. तेव्हा सुरुवातीला मुदत जरा लांब ठेवून हप्ता झेपेल एवढा करून घ्यावा आणि हातात येईल तसे जास्त भरत जावे. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच सांगितले आहे. वर सांगितलेल्या दहा वर्षांच्या हिशेबात दर वर्षी बारा हप्त्यांऐवजी तेरा भरले तर कर्ज एक वर्षाहून अधिक आधी संपते. ईदीचे पैसे, बोनस, ओव्हरटाइम यातून तेरावा हप्ता निघू शकतो. जादा रक्कम भरताना ‘ही मुद्दलात जमा करा आणि मुदत कमी करा’ असे लिहून द्यायला विसरू नये.

आयकराविषयी एक गैरसमज आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, म्हणून कर्ज चालू ठेवणेच फायद्याचे, असे काही जण सांगतात. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे आणि फक्त व्याजावर आहे, मुद्दलावर नाही. ज्याचा पगारच कराच्या मर्यादेखाली आहे त्याला तिचा काही उपयोग नाही. थोडा कर वाचवण्यासाठी त्याहून मोठे व्याज भरत राहण्यात शहाणपण नाही.

सूद आणि जबाबदारी

सूद आपल्या दीनमध्ये मना आहे हे वाचकांना नव्याने सांगायला नको. शिक्षणासाठी असे कर्ज घ्यावे की न घ्यावे, कोणत्या मजबुरीत घ्यावे, हा प्रश्न कर्ज घेण्याआधीचा आहे आणि तो आपल्या भागातील जाणत्या आलिमांना विचारावा. आमच्यापुढे आज तो प्रश्न नाही. कर्ज घेऊन झाले आहे, पदवी हातात आहे.

एका तरुणाने आम्हाला म्हटले, ‘‘सर, सूद हराम आहे, मग मी बँकेला पैसे का देऊ?’’ आम्ही त्याला विचारले, ‘‘बेटा, मुद्दल तरी कोणाची आहे?’’ तो गप्प बसला. मुद्दल दुसऱ्याची आहे आणि परत करण्याचा करार आपण सही करून केला आहे. न भरल्याने सूद कमी होत नाही, दर महिन्याला वाढतो. ज्याला सुदाचा खरोखर तिटकारा आहे त्याने कर्ज सर्वांत आधी संपवावे. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. कर्ज बाकी ठेवून वारलेल्या माणसाच्या जनाजाची नमाज पढवायला हुजूर (स.) थांबले, आणि एका सहाबींनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतल्यावरच त्यांनी नमाज पढवली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मय्यतीच्या मालातून कफन-दफननंतर आधी कर्ज फेडायचे आणि मग वारसांत वाटणी करायची, हा क्रमही सर्वांना ठाऊक आहे.

त्याचबरोबर तंगीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्यावी अशी शिकवणही आहे, आणि जकातीच्या हकदारांत कर्जात बुडालेल्यांचा समावेश आहे. तेव्हा हे काम कर्जदाराचे आहे तसे नातेवाइकांचे आणि जमातीचेही आहे. ज्यांच्याकडे चार पैसे पडून आहेत अशा चाचा-मामूंनी लग्नात मोठी भेट देण्याऐवजी भाच्याला कर्जे-हसना द्यावे, त्याने बँकेचे मुद्दल कमी करावे आणि मामूंना ठरल्या तारखांना बिनव्याजी परत करावे. यातही लिहून ठेवणे सोडू नये. नात्यातले व्यवहार तोंडी ठेवल्याने पैसेही जातात आणि नातेही.

मुलीचे कर्ज आणि निकाह

मागच्या वर्षी एका वडिलांनी आम्हाला विचारले, ‘‘सर, पोरीला रिश्ता आलाय. तिच्या कर्जाचं त्यांना सांगावं की नको? ऐकून परत गेले तर?’’ त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की जणू मुलीने शिकून काही गुन्हाच केला आहे.

सांगावे. निकाहनंतरही कर्ज मुलीच्याच नावावर राहते आणि वडील सहकर्जदार म्हणून राहतात. पतीवर त्याची कायदेशीर जबाबदारी येत नाही, त्याने स्वतः सही केली असेल तर गोष्ट वेगळी. शरियतनेही पत्नीचे देणे पतीवर टाकलेले नाही. पण तिची कमाई तिची आहे आणि तिचा मेहरही तिचाच आहे. त्यातून ती स्वखुशीने कर्ज फेडू शकते. दोन्हींवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. आता विचार करा : रिश्ता ठरताना काहीच बोलले नाही, आणि निकाहनंतर सासरी ‘नोकरी नको’ असे ठरले. हप्ता मग कोण भरणार? साठीतले वडील. मुलगी दोन्हीकडून कोंडीत सापडते आणि घरात पहिले भांडण तिच्या शिक्षणावरूनच होते.

म्हणून बोलणी चालू असतानाच तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात. कर्ज किती बाकी आहे, ती नोकरी करणार आहे का, आणि हप्ता कोणत्या पैशातून जाणार. मुलाकडच्यांनीही मुलाच्या नावावर काय कर्ज आहे ते तितक्याच मोकळेपणाने सांगावे. शिकलेली सून हवी आणि तिच्या शिक्षणाचा खर्च माहीतही नको, असे चालत नाही. ज्या घराला हे ऐकून माघारी जायचे असेल ते निकाहच्या आधी गेलेले बरे.

आणि लग्नाच्या खर्चाचेही बोलू. मुलीच्या नावावर पाच लाखांचे कर्ज असताना हॉल आणि दावतीवर तीन लाख उडवायचे, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? निकाह मस्जिदीत साधेपणाने करावा. वाचलेली रक्कम मुलीच्या कर्जखात्यात भरली तर ती तिच्या उपयोगाची राहील. निकाहनंतर पत्ता, नाव किंवा मोबाइल क्रमांक बदलला तर बँकेत कळवावे. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीसही कायद्याने गेलेलीच धरली जाते, आणि मुलीला महिनोन्‌महिने काही कळत नाही.

शेवटचा हप्ता भरल्यावर

कर्ज फिटले की पेढे वाटण्याआधी बँकेकडून ‘काही बाकी नाही’ असा दाखला घ्यावा. घराची किंवा जमिनीची कागदपत्रे तारण ठेवली असतील तर पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत ती परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. दोन-तीन महिन्यांनी आपला पतअहवाल काढून कर्ज ‘बंद’ दाखवले आहे का ते पाहावे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चूक दिसली तर लेखी दुरुस्ती मागावी. हाच अहवाल वडिलांचाही काढावा, कारण सही दोघांची होती.

ज्यांच्या घरी हा विषय आहे त्यांनी या जुम्याला नमाजनंतर अर्धा तास काढावा. अब्बू, अम्मी आणि मुलगा किंवा मुलगी एकत्र बसावेत. एका कागदावर बाकी रक्कम, दर, पहिल्या हप्त्याची तारीख आणि दर महिन्याला कोण किती भरणार हे लिहावे, खाली तिघांनी सह्या कराव्यात, आणि तो कागद कपाटात न ठेवता सर्वांना दिसेल असा लावावा. अल्लाह सर्व कर्जदारांना वेळेवर फेडण्याची तौफिक देवो आणि त्यांच्या रोजीत बरकत देवो.